प्राचीन रंगस्थळं, उन्हाळी महोत्सव आणि बरोबर मुलं: वाचकांचे प्रश्न

जून ते ऑगस्ट या काळात युरोपातल्या प्राचीन रंगस्थळांवर, किल्ल्यांत आणि राजवाड्यांच्या चौकांत नाटक, संगीत आणि नृत्याचे महोत्सव भरतात. मुलांना घेऊन तिथे जाऊ पाहणाऱ्या पालकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सर्वांत जास्त प्रश्न ग्रीसमधल्या एपिडॉरसविषयी आले, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. जुलैत ग्रीसला जातोय आणि एपिडॉरसला एक नाटक बघायचंच आहे. दोघांना नेता येईल का? आणि नाटक कोणतं निवडावं? सुखात्मिका बरी, असं आम्हाला वाटतं.

मुलीला नाही नेता येणार. एपिडॉरसच्या प्राचीन रंगस्थळावर महोत्सवाच्या प्रयोगांना ६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देत नाहीत. ‘मांडीवर बसवू’ म्हणून चालत नाही. तिथे एकच नाटक साधारणपणे शुक्रवारी आणि शनिवारी असं लागोपाठ दोन रात्री होतं. त्यामुळे एका रात्री एक पालक मुलाला घेऊन जाईल आणि दुसऱ्या रात्री दुसरा पालक एकटा जाईल, अशी वाटणी करता येते. मुलीला दिवसा रंगस्थळ दाखवा. त्या वयात तिला तेच जास्त आवडेल.

आता नाटकाचं. सुखात्मिका म्हणजे हलकंफुलकं, मुलांना चालेल, हा समज ग्रीक नाटकांच्या बाबतीत उलटा पडतो. प्राचीन नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या सुखात्मिका अचकट-विचकट विनोदांनी आणि तेव्हाच्या अथेन्सच्या राजकारणावरच्या टोमण्यांनी भरलेल्या आहेत. आजचे दिग्दर्शक तो चावटपणा लपवत नाहीत, उलट खुलवतात. आणि राजकारण मुलांना कळत नाही. दृश्यं मात्र भन्नाट असतात. ‘शांती’ नाटकात एक शेतकरी अवाढव्य शेणकिड्यावर बसून स्वर्गात जातो, ‘बेडूक’मध्ये खुद्द डायोनिसस देव पाताळात उतरतो. पण तेवढ्यासाठी दीड-दोन तास बसवायचं का, हे तुम्ही ठरवा.

९ वर्षांच्या मुलाला शोकांतिका जास्त झेपते. कथा सरळ असते, माणसं मोजकी असतात आणि खून, आत्महत्या, डोळे फोडून घेणं हे सगळं सहसा रंगमंचामागे घडतं. दूत येऊन त्याचं वर्णन करतो. तरी निवड हवीच. ‘मीडिया’त आई स्वतःच्या मुलांना मारते, ‘बॅकाय’मध्ये आई मुलाचं मस्तक हातात घेऊन येते. ही दोन्ही नाटकं लहान मुलांना दाखवू नयेत. ताटातूट झालेल्या बहीण-भावाची ओळख पटून ते निसटतात ती टॉरिसमधल्या इफिजेनियाची कथा, किंवा निर्जन बेटावर टाकून दिलेल्या जखमी फिलॉक्टीटिसची कथा ८ ते १२ वयाला छान पोचते. फिलॉक्टीटिसमध्ये एका तरुण मुलाला खोटं बोलायला भाग पाडलं जातं आणि त्याला ते सहन होत नाही. या वयाची मुलं त्या मुलाच्या बाजूने जीव तोडून उभी राहतात. ‘अँटिगनी’ ११-१२च्या पुढे.

संहिता मुलांना चालण्याजोगी असली तरी सादरीकरण तसं असेलच असं नाही. नग्नता, रक्त, बंदुकीचे आवाज असतील तर महोत्सवाच्या संकेतस्थळावर त्या नाटकाच्या पानावर बहुधा सूचना असते. नसेल तर तिकीट खिडकीला लेखी विचारा.

प्रश्न: दगडी पायऱ्यांवर मुलं किती वेळ बसू शकतात? तिकिटं कुठली काढावीत?

मुलं नाटकाला कंटाळण्याआधी बहुतेक वेळा दगडाला कंटाळलेली असतात. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर थोडं सविस्तर देतो.

दगड दिवसभर ऊन पितो. संध्याकाळी सातला तो उघड्या मांडीला चटका बसेल इतका तापलेला असू शकतो आणि मध्यरात्रीकडे त्याच दगडाची ऊब जाऊन टणकपणा तेवढा उरतो. म्हणून मुलांना गुडघ्याखाली जाणारी सुती विजार घालावी, अर्धी चड्डी नको. खाली ३ ते ४ सेंटिमीटर जाडीच्या फोमचा तुकडा न्या, दोन घड्या पडणारा असला तर उत्तम. हवा भरायच्या उशा टाळा, मूल हललं की त्या चुंईचुंई वाजतात आणि घसरतात. काही ठिकाणी चपट्या उशा मिळतात, पण त्या मोठ्यांच्या मापाच्या आणि पातळ असतात.

पाठीला टेकू नसतो. ग्रीक रंगस्थळांत प्रत्येक ओळीचा दगड दोन भागांत कोरलेला असतो: पुढचा भाग बसायला आणि मागचा थोडा खोलगट भाग वरच्या ओळीतल्या माणसाचे पाय ठेवायला. मूल मागे रेलतं तेव्हा ते कोणाच्या तरी पायांवर रेलतं, आणि धुसफुस तिथूनच सुरू होते. आधी समजावून सांगा आणि मुलाला एका पालकाच्या पुढ्यात, खालच्या ओळीत बसवता येईल अशी तिकिटं बघा. पालकाचे गुडघे हाच मग टेकू. लागोपाठच्या दोन ओळींत एकाखाली एक अशा जागा मिळाल्या, तर शेजारी-शेजारी बसण्यापेक्षा ही मांडणी सरस ठरते. एका ओळीत पोरं पालकांच्या अंगावरून ये-जा करत राहतात.

जागा कुठे? एपिडॉरसला खालच्या भागात ३४ ओळी आहेत, त्यावर आडवा रस्ता आणि मग नंतरच्या काळात वाढवलेल्या २१ ओळी. पहिल्या पाच-सहा ओळींतून चेहरे आणि वेशभूषा छान दिसते, पण कोरसच्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहाच्या, हालचालींची आकृती दिसत नाही. शेवटच्या ओळीपासून खालच्या वर्तुळाचं, म्हणजे नाटक होतं त्या गोल जागेचं, अंतर जवळजवळ ६० मीटर आहे. तिथून माणसं बोटाएवढी दिसतात. मुलांसाठी खालच्या भागातल्या १५ ते २५ या ओळी आम्हाला सर्वांत योग्य वाटतात. तिथून वर्तुळ पूर्ण दिसतं आणि चढही बेताचा आहे. उभ्या जिन्यालगतची जागा घ्या. उठून जावं लागलं तर वीस लोकांच्या गुडघ्यांवरून जायची वेळ येत नाही. जिन्याच्या पायऱ्या बैठकीच्या साधारण निम्म्या उंचीच्या असतात, लहान पायांना सहज जमतात. मुलं पडतात ती जिन्यावर नव्हे, एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर उड्या मारताना. प्रेक्षागृहाचा उतार साधारण २६ अंशांचा आहे आणि हजारो माणसांनी झिजवलेल्या कडा गुळगुळीत झालेल्या आहेत. बंद पुढ्याचे, रबरी तळाचे बूट घाला. मोठ्यांच्या टोकदार उंच टाचांना तर तिथे बंदीच आहे, कारण त्या दगड फोडतात. च्युइंगमही चालत नाही.

प्रश्न: नाटक रात्री ९ला सुरू होतं. आमची मुलं (७ आणि १०) साडेनऊला झोपतात. लवकरचा प्रयोग का नसतो? आणि हे कसं जमवायचं?

जुलैत तिथे सूर्य साधारण पावणेनऊला मावळतो. त्याआधी प्रकाशयोजना दिसणार नाही आणि प्रेक्षकही भाजून निघतील. म्हणून ९. फ्रान्समधल्या आव्हीन्योंला तर पोपच्या राजवाड्याच्या चौकातले प्रयोग पुष्कळदा त्याहून उशिरा सुरू होतात.

एका दुपारच्या झोपेवर भिस्त ठेवू नका. दोन दिवस आधीपासून झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज तासाभराने पुढे सरकवा. प्रयोगाच्या दिवशी दुपारी २ ते ४ या वेळात अंधाऱ्या खोलीत आडवं करा, झोप लागली नाही तरी पडून राहू द्या. त्या दिवशी सकाळी भटकंती आणि दुपारी समुद्र असा बेत आखला, तर संध्याकाळी आठलाच पोरं पेंगतात. जेवण साडेसहा ते सातच्या दरम्यान, पोटभर पण कमी खारट. खारट खाल्लं की पाणी जास्त प्यायलं जातं आणि स्वच्छतागृह बहुधा आवाराच्या प्रवेशाकडे, बसण्याच्या जागेपासून चांगलंच लांब असतं. आत पाण्याखेरीज खाणं-पिणं नेऊ देत नाहीत. साडेआठला स्वच्छतागृहाच्या रांगेत उभं राहा, ‘मला लागली नाही’ म्हणणाऱ्यालासुद्धा घेऊन. मध्यंतर असेलच असं धरून चालू नका. दीड-दोन तास सलग प्रयोग करण्याची पद्धत आता सर्रास आहे.

आणि परत जायचं कुठे, हे तिकिटाआधी ठरवा. अथेन्सहून एपिडॉरस गाडीने साधारण दोन तास. नाटक अकरा-साडेअकराच्या सुमारास संपतं, वाहनतळातून बाहेर पडायलाच बराच वेळ जातो आणि अथेन्सला पोचेपर्यंत रात्रीचे दीड-दोन वाजतात. खास बसने गेलात तर मधेच निघण्याची सोय नाही. ती नाटक संपल्यावरच सुटते. मुलं बरोबर असतील तर त्या रात्री अगदी जवळच्या लिगुरिओ गावात किंवा पाऊण तासावरच्या नाफ्प्लिओत मुक्काम करावा, असं आमचं ठाम मत आहे. थोडा खर्च वाढतो, पण दुसरा दिवस वाचतो.

प्रश्न: नाटक आधुनिक ग्रीक भाषेत, वर इंग्रजी ओळी येतात असं कळलं. मुलगी ८ वर्षांची आहे, तिला काय कळणार?

ओळी वाचण्यावर विसंबलात तर काहीच कळणार नाही. ८ वर्षांचं मूल एक तर पडदा वाचेल, नाही तर रंगमंच बघेल. दोन्ही एकदम जमत नाही. तिला सांगून टाका की त्या पडद्याकडे बघायचंच नाही.

मग उरते आधीची तयारी. मूळ प्रेक्षकांना या कथा तोंडपाठ असायच्या. शेवट काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ते कसं घडतं हे बघायला लोक यायचे. म्हणून शेवट राखून ठेवू नका, पूर्ण गोष्ट सांगा. आम्ही सुचवतो तो क्रम असा. चार-पाच दिवस आधी दहा मिनिटांत गोष्ट सांगा, फक्त चार नावं वापरून. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट तिला सांगायला लावा. जिथे ती अडखळेल, तिथे नाटकातही अडखळणार, तेवढा भाग पुन्हा सांगा. तिसऱ्या दिवशी महोत्सवाच्या संकेतस्थळावरची त्या प्रयोगाची छायाचित्रं दाखवून कोण कोण असेल ते ओळखायला लावा. आजच्या प्रयोगांत राजा सुटाबुटातही असतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका. मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ ‘हा कोण?’ इथेच होतो.

मग तिला बघायला कामं द्या. कोरस किती जणांचा आहे ते मोजायचं: शोकांतिकेत परंपरेने १५, सुखात्मिकेत २४, पण आजचा दिग्दर्शक संख्या बदलतो. कोण कुठल्या बाजूच्या वाटेने आलं ते लक्षात ठेवायचं. धावत येऊन लांबलचक बोलणारा माणूस दिसला की तो दूत, म्हणजे आत काहीतरी भयंकर घडलंय, आणि आता सगळ्यांचे चेहरे बघायचे. दूताचं भाषण हा नाटकातला सर्वांत अवघड भाग. दहा मिनिटं एकच माणूस बोलतो आणि भाषा कळत नाही. तो काय सांगणार आहे हे आधीच माहीत असेल, तर मूल ते दृश्य स्वतःच्या मनात उभं करतं. माहीत नसेल, तर चुळबुळ हमखास तिथेच सुरू होते.

नाटक चालू असताना कानात कुजबुजून समजावू नका. खुणा ठरवा: हात एकदा दाबला तर नवं पात्र, दोनदा दाबला तर ‘आता तो प्रसंग’.

प्रश्न: एपिडॉरसला मध्यभागी नाणं टाकलं तर शेवटच्या ओळीत ऐकू येतं म्हणतात. खरं आहे का? मुलांना हे करून दाखवता येईल?

अर्धं खरं. हे रंगस्थळ इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीचं. पौसानियास या प्राचीन प्रवाशाने त्याचं श्रेय वास्तुकार पॉलिक्लीटॉसला दिलं आहे. २००७मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी दाखवलं, की चुनखडीच्या बैठकींच्या ओळी गाळणीसारखं काम करतात. साधारण ५०० हर्ट्झखालचे आवाज, म्हणजे प्रेक्षकांची कुजबुज, वाऱ्याची घरघर, त्या दाबतात आणि त्यावरचे आवाज पुढे जाऊ देतात. २०१७मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या संशोधकांनी तिथे प्रत्यक्ष मोजमाप केलं. नाणं पडल्याचा किंवा कागद फाटल्याचा आवाज सगळीकडे जाणवतो, पण तो नाण्याचा की कागदाचा हे साधारण निम्म्या उंचीपर्यंतच ओळखता येतं. कुजबुज फक्त पुढच्या ओळींना कळते. नटाने आवाज चढवून बोललं, तर मात्र शब्द शेवटच्या ओळीपर्यंत पोचतात.

मुलांसाठी याहून चांगला प्रयोग नाही. उन्हाळ्यात स्थळ सकाळी ८ला उघडतं. तेव्हाच जा. नंतर पर्यटकांच्या बस येतात आणि ऊन चढलं की झाडांवरचे सिकाडा कीटक इतके किर्रर्र करतात की काही ऐकू येत नाही. एक पालक वर्तुळाच्या मधल्या गोल दगडावर. मूल कागद-पेन्सिल घेऊन आधी पहिल्या ओळीत, मग सतराव्या, मग चौतिसाव्या आणि शेवटी पंचावन्नाव्या ओळीत. खालच्याने प्रत्येक वेळी पाच नवे आकडे तीन प्रकारे म्हणायचे: कुजबुजत, नेहमीच्या आवाजात, खड्या आवाजात. ऐकू आले ते आकडे मुलाने लिहायचे आणि खाली येऊन ताडून बघायचे. हे हाताने केलेलं मूल रात्री नटाचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकतं. शिवाय आपल्या पिशवीची कुरकुर इथे किती चुगली करेल, हेही त्याला न सांगता कळतं.

अडचण एकच. प्रयोगांच्या दिवसांत वर्तुळावर नेपथ्य उभं असतं आणि मधला दगड झाकलेला असू शकतो. तसं असेल तर नेपथ्याच्या अलीकडे, वर्तुळाच्या मध्यरेषेवर उभं राहून करा. दिवसाचं तिकीट वेगळं असतं, नाटकाच्या तिकिटावर सकाळी आत सोडत नाहीत.

प्रश्न: इटलीतल्या व्हेरोनाच्या अरेनात ‘आयडा’ बघायचा विचार आहे. मुलं ८ आणि ११. ऑपेरा पूर्ण बघतील का?

८ वर्षांचं मूल बहुधा नाही, आणि तसा हट्टही धरू नये. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या या रोमन अरेनात १९१३मध्ये संगीतकार व्हर्डीच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘आयडा’ झाला, तिथूनच महोत्सवाची सुरुवात. मध्यंतरं धरून तो साडेतीन-चार तास चालतो आणि मध्यरात्र उलटते.

पण त्याची रचना मुलांच्या सोयीची आहे. चार अंकांपैकी दुसऱ्या अंकाच्या शेवटी विजयी सैन्याचा प्रवेश: लांब तुताऱ्या, नर्तक, शेकडो माणसं. मुलांना जे बघायचं असतं ते सगळं तिथे आहे. तिसरा अंक नाईलकाठच्या रात्रीचा, चौथा बंद थडग्यात संपणारा. दोन्ही संथ, अंधारे, दोन-तीन माणसांचे. म्हणून दुसऱ्या अंकानंतरच्या मध्यंतरात धाकट्याला घेऊन एकाने निघावं, थोरल्याने दुसऱ्या पालकाबरोबर थांबावं. हे आधीच मुलांना सांगितलं, तर धाकट्यालाही अर्धवट सोडल्याची रुखरुख लागत नाही. त्याचा खेळ तिथेच पूर्ण झालेला असतो. खोलीच्या दोन किल्ल्या मागून घ्यायला विसरू नका.

दगडी पायऱ्यांवरच्या प्रेक्षकांनी सुरुवातीला छोट्या मेणबत्त्या पेटवायची तिथली जुनी प्रथा आहे. मेणबत्ती मुलाच्या हातात द्या, पण ती आडवी धरली की वितळलेलं मेण पुढच्याच्या पाठीवर ओघळतं. मेणबत्ती पेटलेली आहे तोवर मुलाचं मनगट तुमच्या हातात असू द्या.

प्रश्न: आमची ४ आणि ६ वर्षांची मुलं आहेत. या वयाला कुठला महोत्सव?

आव्हीन्यों, जुलैत. १९४७मध्ये जाँ व्हिलारने सुरू केलेला हा महोत्सव. पण पोपच्या राजवाड्यातले मोठे प्रयोग तुमच्यासाठी नाहीत. ते उशिराचे, लांबलचक, आणि मिस्ट्राल वारा सुटला तर बोचरी थंडी. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे १९६६पासून मुख्य महोत्सवाच्या बरोबरीने भरणारा ‘ऑफ’ महोत्सव. त्यात हजाराहून अधिक प्रयोग होतात, जुन्या चॅपेलमध्ये, शाळांच्या सभागृहांत, अंगणांत. सकाळी १० ते १२च्या दरम्यान बालप्रयोग भरपूर. मुख्य महोत्सवाचेही बालप्रयोग एका जुन्या चॅपेलमध्ये होतात.

निवडताना दोनच गोष्टी बघा. लांबी: ४ वर्षांच्या मुलाला ३५ ते ४० मिनिटं, ६ वर्षांच्याला ५०. आणि छापलेलं किमान वय: ते मुलाला कितपत समजेल यावरून ठरवलेलं असतं, त्यात सूट घेऊ नका. भाषा येत नसेल तर बाहुल्या, मूकनाट्य, सर्कस, छायानाट्य. दिवसाला एक प्रयोग पुरे. उरलेला वेळ रस्त्यावर काढा: नट वेशभूषेतच मिरवणुकीने हिंडतात, आपल्या नाटकाची पत्रकं वाटतात, चौकात दोन मिनिटांचा तुकडा करून दाखवतात. लहान मुलांना यातच महोत्सव भेटतो.

वेळेबाबत हयगय नको. छोट्या सभागृहांत एकामागोमाग एक नाटकं लागलेली असतात, त्यामुळे दार बंद झालं की उघडत नाही. राजवाड्यातही तेच. संगीतकार मोरिस जारने रचलेली तुताऱ्यांची धून वाजली की ती तिसरी घंटा समजा. बाहेर ३५ अंशांच्या पुढे ऊन आणि सभागृहात वातानुकूलन, म्हणून पिशवीत पूर्ण बाह्यांचा एक सदरा ठेवा.

प्रश्न: मुलाला (१०) मोठे आवाज आणि गर्दी सोसत नाही, पण नाटकाचं वेड आहे. काय काळजी घ्यावी?

त्याला जरूर न्या. उघड्यावरचं रंगस्थळ अशा मुलांना बंद नाट्यगृहापेक्षा पुष्कळदा सोपं जातं. वर आकाश असतं, कोंडल्यासारखं वाटत नाही. त्रास होतो तो दोन वेळा: आत शिरताना आणि बाहेर पडताना. दारं उघडताच आत जाऊन बसा आणि संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं जागचे हलू नका. हजारो माणसांची रांग उतरून जाऊ द्या.

तिकीट खिडकीला नेमके प्रश्न विचारा: बंदुकीचा आवाज, स्फोट, धूर, लुकलुकणारे दिवे आहेत का, आणि कितव्या मिनिटाला? ‘मोठा आवाज आहे का?’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येईल. कान झाकणारं संरक्षक साधन गळ्यात अडकवून ठेवावं आणि वेळेआधी खुणेने लावायला सांगावं. ते घरी आठवडाभर वापरून सवय झालेली असावी. उभ्या जिन्यालगतची, बाहेर पडायच्या वाटेजवळची जागा घ्या. दिवसा तीच जागा दाखवून, तिथून बाहेरच्या शांत कोपऱ्यापर्यंत त्याला एकदा चालवून आणा. कोरसचं एकसुरात जोरजोरात बोलणं आणि पाय आपटणं याची कल्पना आधीच द्या, ते अचानक येतं.

मोठं रंगस्थळ नकोसं वाटलं, तर त्याच महोत्सवाचं समुद्राकाठच्या जुन्या एपिडॉरस गावातलं छोटं प्राचीन रंगस्थळ बघा. तिथे प्रेक्षक खूपच कमी मावतात.

प्रश्न: बाबागाडी नेता येते का?

पायऱ्यांवर नाही. लहानग्याला अंगाशी बांधून न्यावं लागेल, तेही त्या ठिकाणी त्या वयाला प्रवेश असेल तर. क्रोएशियातल्या दुब्रोवनिकचा लव्ह्रियेनाक किल्ला तर ३७ मीटर उंच कड्यावर आहे आणि वर जायला जिनाच आहे. तिथे कडेवर मूल घेऊन रात्री उतरणं धोक्याचं आहे. तान्हं मूल असेल तर एकाने खोलीवर थांबावं, हेच बरं.

प्रश्न: पाऊस आला, किंवा मूल मधेच रडायला लागलं तर?

पावसाचं आधी. नाटक थोड्या शिंतोड्यांत चालू राहील, पण ऑपेरात दोन थेंब पडले तरी वादक उठतात. व्हायोलिनचं लाकूड आणि त्याचा सरस ओलाव्याने खराब होतो. उठले म्हणजे खेळ संपला असं नाही. घोषणा होते, थांबतात, दगड पुसतात, पुन्हा सुरू करतात. घाईने निघून जाऊ नका, पण मुलांना पातळ रेनकोट घाला. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही. एकदा सुरू झालेला प्रयोग पावसाने बंद पडला तर पैसे परत न मिळण्याची अट बऱ्याच ठिकाणी असते. तिकीट काढतानाच ती वाचा. काही ठिकाणी पर्यायी सभागृह असतं. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला कॅथेड्रलच्या चौकातलं नाटक पावसात महोत्सवाच्या मोठ्या नाट्यगृहात हलवतात. आणि ही सगळी स्थळं पुरातत्त्वीय आहेत, डागडुजीसाठी एखादं वर्ष किंवा अनेक वर्षं बंदही राहतात. विमानाची तिकिटं काढण्याआधी स्थळ त्या हंगामात चालू आहे ना, हे बघा.

मूल रडलं तर ‘थांबेल आता’ म्हणून वाट बघू नका. दहा-पंधरा सेकंदांत उठा. उभ्या जिन्यावरून खाली नाही, वरच्या आडव्या रस्त्याकडे जा. खाली गेलात तर सगळ्या प्रेक्षागृहाच्या नजरेसमोरून जावं लागतं. मोबाइलचा उजेड पायाशी, हाताने अर्धा झाकून. आडव्या रस्त्यावर पोचलात की तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा: पुन्हा आत येऊ देतील का, आणि कधी? बहुधा कोरसचं गाणं चालू असताना किंवा टाळ्यांच्या वेळी, कडेच्या रिकाम्या जागी बसू देतात. दुसऱ्या पालकाने आपल्या जागी बसून राहावं. दोघं उठलात तर थोरलं मूलही हमखास मागे येतं. पाणी, झोपताना लागणारं कापड किंवा खेळणं, आणि गाडीची किल्ली उठणाऱ्याच्या खिशात असावी. पिशवी दुसऱ्या पालकाच्या पायाशी राहिली आणि किल्ली तिच्यात, असं झालं तर नाटक संपेपर्यंत बाहेरच्या दगडावर बसून राहावं लागतं.